बिननंबरची गाडी

"मंदावहिनी, झालं का नाही अजून?" दिनकरराव शेवाळे दारातून पुन्हा डोकावले.

"तुमच्या लेकीला हात दोनच आहेत," मी म्हणाले. "घाई केली तर बांगडी वाढेल. चालणार असेल तर सांगा."

ते गडबडीनं मागं सरले. लग्नघरात बांगडी 'फुटली' असं कुणी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतात. आणि चुड्यातली वाढली तर तेवढंही म्हणवत नाही कुणाला.

मंडपवाले शेवाळे म्हणजे आमच्या पेठेतलं मोठं प्रस्थ. गावातल्या निम्म्या लग्नांना मंडप त्यांचा आणि चुडा माझ्या हातचा, त्यामुळे ओळख जुनी. स्वतःच्या लेकीच्या लग्नाला त्यांनी अख्ख्या गल्लीवर कापड ताणलं होतं. मंडपाच्या तोंडाशीच जावयाला द्यायची नवी इलेक्ट्रिक स्कूटर उभी होती. पांढरीशुभ्र, हँडलला लाल रिबीन, वर झेंडूची माळ. येणारा-जाणारा तिच्या सीटवरून हात फिरवून जात होता, जशी काही तिचीच दृष्ट काढायची होती.

केतकी माझ्यासमोर पाटावर बसली होती. ही पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स. सुई टोचताना लेकरांना हसवते, अशी तिची ख्याती. आज तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. हिरव्या बांगड्या एकेक करून मी तिच्या मनगटावर चढवत होते आणि ती भिंतीकडे बघत होती.

शेवटची बांगडी चढली तशी ती पुटपुटली, "काकू, कॅम्प आजच आहे."

"कसला कॅम्प?"

"आरटीओचा. डाक बंगल्याच्या मैदानावर. दुपारी साहेब उठून जातात."

"तो तर गेल्या आठवड्यात होता ना?"

"पुढं ढकलला. नेमका आज आला. माझं शिकाऊ लायसन्स ह्याच महिन्यात संपतंय."

मी दाराकडे बघितलं. दिनकरराव बाहेर वाजंत्रीवाल्यावर ओरडत होते.

"मग चुडा दुपारी भरायचा ठरलं होतं तेच बरं होतं की. सकाळी जाऊन आली असतीस."

"तेच ठरवलं होतं मी. मैत्रिणीशी फोनवर बोलताना पप्पांनी ऐकलं. मग त्यांनी चुडा सकाळीच ठेवला."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे एकदा हिरवा चुडा हातात चढला की नवरी लग्नाला उभी राहीपर्यंत उंबरा ओलांडत नाही. इतका घाईघाईनं निरोप का आला, चहासुद्धा पिऊ न देता मला पाटासमोर का बसवलं, सगळं कळलं. दिनकररावांनी मला कासारीण म्हणून बोलावलं नव्हतं. कुलूप म्हणून बोलावलं होतं. आणि मी माझ्या हातानं ते व्यवस्थित लावलं होतं.

केतकीचं सासर म्हणजे जगदाळ्यांची वस्ती, ऊस आणि विहिरीच्या मधोमध. वस्तीपासून आठ-दहा किलोमीटरवर आरोग्य उपकेंद्र. हेलपाटे घालून केतकीनं तिथं बदली मिळवली होती. लग्न झाल्या झाल्या हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. बोलणी चालू असताना होणाऱ्या सासूबाई, पुष्पाबाई जगदाळे, गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "नोकरीला आमची ना नाही. पण त्या वाटेला एसटी नाही. रोज नेऊन सोडायचं कुणी?"

"मी माझी जाईन," केतकी म्हणाली होती.

"लायसन्स आहे का? नाही ना? आधी काढ, मग बोलू."

तिथं बसलेले सगळे हसले होते. दिनकररावही. केतकी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. "काकू, तुमच्या गाडीवर शिकवा मला."

माझी गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. करड्या रंगाची इलेक्ट्रिक स्कूटर, सगळी ताकद लावली तरी ताशी पंचवीसच्या वर जात नाही. आमचे हे म्हणतात, "त्यापेक्षा बैलगाडी बरी, निदान बैलाशी बोलता तरी येतं." पण पायापाशी बांगड्यांचे डबे ठेवून गल्लीबोळातून फिरायला तिच्याइतकी गुणी गाडी नाही. शिवाय ती घेताना दुकानदारानं सांगितलं होतं, "ताई, हिला लायसन्स नको, नंबर नको, पासिंग नको. कायदाच लागू नाही." मी सातवी शिकलेली. आरटीओच्या ऑफिसात जाऊन इंग्रजी फॉर्म भरायचा नाही, याच्याएवढं सुख ते काय! मी हे गावभर अभिमानानं सांगत असे.

कायद्यानं माझ्या गाडीला एकही नियम घातला नव्हता, म्हणून मी माझे घातले. गाडी आवाज करत नाही, तेव्हा बोळातून बाहेर पडताना हॉर्न वाजवायचाच; नाहीतर म्हाताऱ्या माणसाच्या अगदी पाठीशी जाईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मागं बसणारीनं एका बाजूला पाय सोडून बसायचं नाही. पदर कमरेला खोचायचा, मोबाइल पिशवीत टाकायचा. आणि हेल्मेट दोघींनीही घालायचं. माझ्याकडे दोन आहेत, एक काळं आणि एक गुलाबी, त्यावर फुलं. ते स्वस्तात मिळालं होतं. बायका कुरकुरायच्या, "काकू, अंबाडा विस्कटतो." मी म्हणायची, "अंबाडा परत घालता येतो, बाई."

बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीच्या पटांगणात मी केतकीला शिकवलं. फक्कीनं जमिनीवर आठाचा आकडा काढायचो आणि ती पाय न टेकवता त्यावरून फिरायची. नंतर नंतर तर गाणं म्हणत फिरायची.

आता तीच पोरगी चुडा भरलेले हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

"मागच्या दारानं?" मी विचारलं.

तिचा चेहरा असा उजळला, की मी चावी हातात घेतली.

स्वयंपाकघरातून जावं लागत होतं. तिथं तिची आई, शैलावहिनी, पुरण वाटत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांचा हात थांबला. लेकीच्या हातातला चुडा बघितला, माझ्या हातातली चावी बघितली. मग मान खाली घालून त्या बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "केतकीचं डोकं दुखतंय गं! आत पडलीय. कुणी उठवू नका तिला." आणि परत वाटायला लागल्या.

तहसील चौकापर्यंत सगळं ठीक होतं. तिथं सिग्नल लाल झाला आणि मी थांबले.

आमच्या गावात सिग्नलला थांबणं ही जरा हास्यास्पदच गोष्ट आहे. तो लागतो, बदलतो, गाड्या आपापल्या जातात. त्या दिवशीही गेल्या. मधोमध राहिलो आम्ही दोघीच. काळ्या हेल्मेटातली मी, आणि मागं पिवळी साडी, मेंदी, हातभर हिरवा चुडा आणि डोक्यावर फुलाफुलांचं गुलाबी हेल्मेट.

"काकू, चला ना! सगळं गाव बघतंय!"

"बघू दे. लाल आहे."

"उशीर होतोय!"

"आपल्याला उशीर झाला म्हणून तो हिरवा होत नसतो."

पानाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "ए, ती शेवाळ्यांची नवरी नव्हं का?"

"तीच," दुसरा म्हणाला. "पळून चाललीय."

"ह्या गाडीवरून? मग दिनकरराव चालत आले तरी गाठतील!"

टपरीभर हशा पिकला. मागं केतकीनं माझ्या खांद्यात डोकं खुपसलं. मला वाटलं रडतेय. पण हेल्मेट हेल्मेटवर आपटत होतं, पोरगी हसत होती.

डाक बंगल्याच्या मैदानावर फक्कीचा आठ काढलेला होता. लिंबाखाली टेबल टाकून साहेब बसले होते. वयस्कर, कपाळाला आठ्या, शर्टाच्या खिशात दोन पेनं. रांगेत दहा-बारा पुरुष, सगळे मोटारसायकलवाले. नवरीला बघून रांग आपोआप बाजूला झाली.

साहेबांनी केतकीचा कागद बघितला. मग तिच्याकडे. मग पुन्हा कागद.

"लग्न कधी आहे?"

"उद्या, साहेब."

"आणि आज इथं?"

"उद्या वेळ नाही, साहेब."

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. "बिनगिअरची ना? आणा गाडी."

मी माझी गाडी पुढं आणली. साहेब उठले, गाडीच्या पुढं गेले, मागं गेले, वाकून बघितलं.

"नंबर प्लेट?"

"हिला लागत नाही," मी हसून सांगितलं. "पंचवीसच्या वर जातच नाही ती. लायसन्स नको, पासिंग नको."

"बरोबर आहे."

"हो ना?"

"म्हणजेच ही गाडी नाही."

"असं कसं? ह्या गाडीवर मी सगळा तालुका फिरते."

"फिरा की. पण कायद्याच्या लेखी तुम्ही सायकलवर फिरता, बाई. सायकलवर टेस्ट घेऊन मी गाडीचं लायसन्स कसं देऊ? पासिंग झालेली, नंबरची, विमा असलेली गाडी आणा."

केतकी रांगेकडे धावली. कुणाची बिनगिअरची आहे का, दहा मिनिटं द्याल का? नव्हती. सगळ्यांच्या गिअरच्या. एक जण तर म्हणाला, "ताई, उद्या लग्न आहे, नवरा नेईल की फिरवून." केतकीनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो स्वतःच्या गाडीचा आरसा पुसायला लागला.

ती माझ्यापाशी परत आली. "आता?"

इतके महिने मी तिला शिकवलं, सगळं शिकवलं, आणि ज्यावर शिकवलं ती गाडीच नव्हती. हे मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आठ तिला झोपेत घालता आला असता. पण घालायचा कशावर?

तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून काहीतरी पांढरं सुसाट आत आलं. लाल रिबीन वाऱ्यावर फडफडतेय, झेंडूची माळ अर्धी तुटून लोंबतेय, आणि वर उघड्या डोक्याचे दिनकरराव शेवाळे. घरात जी गाडी हाताशी सापडली तीच घेऊन निघालेले.

"केतकी! खाली उतर!"

ती उभीच होती. पण रागात माणसाला काय बोलावं सुचत नाही.

"पप्पा..."

"एक अक्षर बोलू नकोस! उष्टी हळद घेऊन पाहुणे वस्तीवरून निघालेत. ते मंडपात येऊन बसतील आणि नवरी कुठं? तर डाक बंगल्यावर! आणि मंदावहिनी, तुम्हीसुद्धा? चुडा भरलेल्या पोरीला..."

"अहो, मालक," साहेब मध्येच म्हणाले. "हेल्मेट कुठाय?"

"साहेब, घरचं कार्य आहे."

"म्हणून डोकं घरी ठेवून आलात?"

रांग हसली. दिनकररावांनी रांगेकडे डोळे वटारले.

"गाडी कुणाची?"

"माझी. म्हणजे आत्ता माझ्या नावावर आहे. लग्नानंतर जावयाच्या नावावर करायची आहे."

"तुमचं लायसन्स दाखवा."

दिनकररावांनी पाकीट काढलं, त्यातून एक कळकट कार्ड काढलं. साहेबांनी ते उन्हात धरलं.

"हे संपलंय की."

"काय बोलता?"

"पन्नाशीला संपलं. आता तुम्ही पन्नाशीचे तर दिसत नाही."

"साहेब, तीस वर्षं चालवतोय मी गाडी! टेम्पो, जीप, सगळं!"

"त्यातली शेवटची काही वर्षं फुकट चालवलीत. दंड होईल, तो नंतर बघू. पण ही गाडी आता तुम्हाला इथून नेता येणार नाही. लायसन्सवालं माणूस बोलवा."

दिनकररावांनी फोन लावला. भाऊ बाजारात, उचलेना. पुतण्या पाहुण्यांना आणायला गेलेला. मंडपाचा माणूस म्हणाला, "मालक, मला चालवता येते, पण लायसन्स नाही." ते ऐकून साहेबांनी नुसती मान हलवली. दिनकरराव घामानं थबथबले. तिकडे पाहुणे वाटेत, इकडे गाडी अडकलेली, आणि लेकीला घेऊन जायचं तर माझ्या पंचवीसच्या गाडीवर तिघं बसणार कसे!

केतकी पुढं झाली. "पप्पा, ही गाडी द्या मला. हिला नंबर आहे, विमा आहे. मी आठ घालते. साहेब पास म्हणाले तर मीच घरी घेऊन जाते. सगळ्यात लवकर तेच होईल."

"ही जावईबापूंची गाडी आहे!"

"तुम्हीच आत्ता सांगितलंत, तुमच्या नावावर आहे."

दिनकररावांनी आभाळाकडे बघितलं. मग चावी तिच्या हातात दिली नाही, सीटवर ठेवली. एवढा मान त्यांना ठेवायचा होता.

केतकीनं रिबीन सोडली, माळ काढून बापाच्या हातात दिली, हेल्मेटचा पट्टा आवळला. गाडी सुरू झाली, आवाज न करता. पहिलं वळण सुरेख गेलं. मधल्या फुलीपाशी तिनं ब्रेकवर बोटं नेली आणि अख्खा चुडा खळकन मनगटावरून घसरून पंजापाशी येऊन अडकला. मनगट वळेना. गाडी डगमगली. पाय टेकला.

"टेकला," साहेब म्हणाले.

"साहेब, बांगड्यांनी..."

"बघितलं मी. त्या काढून या. जेवायला उठायच्या आधी आणखी एकदा घेतो."

"चुडा उतरवायचा नाही!" दिनकरराव ओरडले. "साहेब, तो लग्नाचा चुडा आहे. एकदा चढला की नवरीच्या हातातून तो..." पुढचं त्यांनाही बोलवेना.

केतकी गाडीवरच बसून होती. दोन्ही हात हँडलवर, डोळ्यात पाणी, पण खाली पडू देत नव्हती. मी तिच्यापाशी गेले.

"काढू?"

"वहिनी!" दिनकरराव मध्ये आले. आता आवाज खाली आला होता. "जरा विचार करा. पोरीचं राहू द्या, तुमचा धंदा आहे हा. भरलेला चुडा कासारणीनंच उतरवला, हे पेठेत कळलं तर उद्या तुम्हाला चुडा भरायला बोलवेल कोण?"

खरं होतं ते. तरी मी म्हणाले, "दिनकरराव, आज सकाळी तुम्ही मला हिला घरात बसवायला बोलावलंत. मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आले नसते. आता निदान माझ्या हातानं लावलेलं माझ्या हातानं काढू द्या."

"आणि काही अशुभ झालं म्हणजे?"

"एक जरी वाढली तर मी जन्मात परत बांगडीला हात लावणार नाही. काढू का, केतकी?"

"काढा, काकू."

मी तिथंच लिंबाच्या सावलीत बसले. तिला समोर बसवलं. चढवण्यापेक्षा उतरवणं अवघड असतं. कुणी करत नाही, म्हणून सरावही नसतो. साहेबांच्या टेबलावरच्या पेल्यातलं पाणी तिच्या हाताला लावलं, अंगठ्याचं हाड दाबून धरलं आणि एकेक बांगडी ओढायला लागले. रांगेतले पुरुष गाड्या सोडून भोवती उभे राहिले. साहेबसुद्धा खुर्ची वळवून बसले. दिनकरराव पाठ करून उभे होते, पण प्रत्येक किणकिणीला त्यांचे खांदे उडत होते.

सगळ्या निघाल्या. सगळ्या आख्ख्या. मी त्या पदरात घेतल्या आणि म्हणाले, "जा."

मोकळ्या हातांनी ती बसली. पहिला वळसा, मधली फुली, दुसरा वळसा. पाय आत, पाठ सरळ. वळताना हात दाखवला, आरशात बघितलं, जिथं थांबायचं तिथं येऊन थांबली. साहेब काही म्हणाले नाहीत म्हणून तिनं आणखी एकदा घातला.

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. "पास."

रांगेनं टाळ्या वाजवल्या. मघाचा आरसा पुसणारा सगळ्यात जोरात.

साहेब कागदावर सही करत होते तेव्हा मी टेबलापाशी गेले. "साहेब, शिकाऊ लायसन्सचा अर्ज कुठं मिळतो?"

"कुणाला हवाय?"

"मला."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला कशाला? तुमच्या गाडीला लागत नाही की."

"म्हणूनच विचारतेय."

त्यांनी ड्रॉवर उघडून कागद काढला. "फोटो दोन लागतील. पुढच्या कॅम्पला या."

मग बापलेकीचा निघायचा सोहळा झाला. गाडी चालवायचा हक्क त्या दोघांत फक्त केतकीला होता, आणि साहेब बघत होते. दिनकररावांनी मागं बसायचं म्हणजे हेल्मेट हवं. गुलाबी केतकीला सैल होत होतं; चालवणारीला काळं नीट बसलं, म्हणून ते मी तिला दिलं. राहिलं गुलाबी.

"हे?" दिनकरराव म्हणाले.

"दुसरं नाही," मी म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"माझ्या सायकलला कायद्यानं लागत नाही. मी ढकलत नेईन."

गावातल्या निम्म्या लग्नांचे मंडप घालणारा तो माणूस फुलांचं हेल्मेट घालून लेकीच्या मागं बसला. हात कुठं धरायचे कळेना. "पप्पा, मागची दांडी धरा," केतकी म्हणाली, "आणि वळताना माझ्याबरोबर कला." निघाली. वेग सांभाळून, रस्त्याच्या डाव्या बाजूनं, आणि वळणावर हॉर्न वाजवून.

मी खरंच ढकलत निघाले. हेल्मेटशिवाय बसायचं नाही हा माझा नियम, तो मीच कसा मोडू? चौकातल्या गॅरेजवाल्याकडून एक हेल्मेट मागून घेतलं, मग बसले. पदराच्या गाठीत चुडा होता.

मंडपात पोहोचले तेव्हा वाजंत्री बंद होती. हेच वाईट लक्षण. पुष्पाबाई जगदाळे उष्ट्या हळदीची वाटी हातात घेऊन मधोमध उभ्या होत्या, मागं त्यांच्याकडच्या पाच-सहा बायका. समोर केतकी, मोकळ्या हातांची. हेल्मेट काखेत. बाजूला दिनकरराव, गुलाबी हेल्मेट काढायचं त्यांना भान राहिलं नव्हतं.

"चुडा कुठाय?" पुष्पाबाईंचा आवाज आता गोड नव्हता.

"माझ्याकडे," मी मागून म्हणाले. पदराची गाठ सोडून दाखवला. "मी उतरवला. एकही वाढली नाही."

"कुणाला विचारून?"

"मला विचारून," केतकी म्हणाली.

पुष्पाबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शैलावहिनींना म्हणाल्या, "दुसरी कासारीण बोलवा. हिच्या हातनं परत भरायचा नाही. आमच्यात असलं चालत नाही."

शैलावहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं जमिनीकडे. मी पदर गुंडाळायला लागले. चुडा भरायला बोलवेल कोण, याचं उत्तर मिळायला दिवसही लागला नव्हता.

केतकी चालत पाटापाशी गेली. हेल्मेट बाजूला ठेवलं, पाटावर बसली आणि दोन्ही हात पुढं केले.

"काकू, भरा."

"अगं, मी काय सांगतेय..." पुष्पाबाई म्हणाल्या.

"ऐकलं मी. भरायचा तर काकूंच्या हातून. नाहीतर उद्या अशीच उभी राहते." पुष्पाबाईंकडे बघताना तिचा आवाज चढला नव्हता. दवाखान्यात रडणाऱ्या लेकराच्या आईशी बोलते तसा होता. "आणि आई, त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, आधी लायसन्स काढ, मग बोलू. काढलं. बोला."

पुढचं पेठेला माहीत आहे. केतकी लग्नानंतर उपकेंद्रावर हजर झाली आणि आजही त्याच पांढऱ्या गाडीवरून जाते. गाडी तिच्याच नावावर आहे. मला त्या वर्षी चुड्याची बरीच बोलावणी आली नाहीत, आणि नंतरच्या वर्षी ती भीत भीत पुन्हा यायला लागली. पण त्या क्षणी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पुष्पाबाईंचं तोंड उघडं होतं, वाटीतली हळद हिंदकळत होती, आणि त्या आता काय म्हणतात म्हणून अख्खा मंडप श्वास धरून उभा होता.

मी वाट बघितली नाही. पाटासमोर मांडी घातली आणि पहिली बांगडी उचलली.